पुढच्या महिन्यात ये

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, तसेच हिवाळी अधिवेशनासाठी नागपुरात येणारे विधानसभा आणि विधान परिषदेचे सर्व सन्माननीय सदस्य यांस,



मी सदरमध्ये राहते, मंगळवारी बाजाराच्या मागच्या गल्लीत. 1984 ते 2017 अशी तेहतीस वर्षं सरकारी दवाखान्यांत परिचारिका होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी गल्लीतल्या बाया मला अजून ‘सिस्टर’च म्हणतात. दिवेलागणीनंतर एखादी तरी दारात येऊन उभी राहते. आधी पाणी मागते, मग लेकराचा खोकला सांगते आणि निघताना, चपला पायात सरकवता सरकवता, खरं काय ते बोलते.

तुमचं अधिवेशन जवळ आलं की ते आम्हाला वर्तमानपत्राच्या आधी रस्त्यावर कळतं. रविभवनाला रंग लागतो, आमदार निवासाच्या गाद्या उन्हात पडतात, सिव्हिल लाइन्सचे खड्डे बुजतात, चौकाचौकांत लोखंडी कठडे येऊन पडतात. त्या कठड्यांपाशी दरवर्षी मोर्चे अडवले जातात. शिक्षक येतात, अंगणवाडी सेविका येतात, आशा ताई लेकरं कडेवर घेऊन येतात. मी ज्यांच्यासाठी लिहिते आहे त्यांचा मोर्चा कधीच येणार नाही. पाळी चुकली म्हणून कोणी बाई झेंडा घेऊन विधानभवनावर जात नाही. तिला तर ते शेजारणीलाही कळू द्यायचं नसतं. म्हणून हे पत्र.

एका बाईबद्दल सांगते. नाव लिहीत नाही. वय सत्तावीस, दोन लेकरं, सदरमधल्या तीन घरी पोळ्या आणि एका घरी धुणीभांडी. दुसऱ्या बाळंतपणानंतर ती माला-एनच्या गोळ्या घ्यायची. सरकारकडून फुकट मिळणारं पाकीट, एकवीस पांढऱ्या गोळ्या आणि सात लोहाच्या. घर एका खोलीचं, सासू त्याच खोलीत, म्हणून पाकीट तुरीच्या डाळीच्या डब्यात, अगदी तळाशी. रात्री वरण शिजवायला डाळ काढायची आणि तेवढ्यात गोळी तोंडात टाकायची. अडीच वर्षांत तिनं एक गोळी चुकवली नाही. मागच्या वर्षी गणपती उठल्यावर ती नेहमीच्या केंद्रात गेली तेव्हा खिडकीतून उत्तर आलं, ‘साठा संपला. पुढच्या महिन्यात ये.’

‘पुढच्या महिन्यात मी येईन जी, सिस्टर,’ ती मला म्हणाली, ‘पर घरचा मानूस पुढच्या महिन्यापर्यंत थांबते काय?’

तो थांबला नाही. दुकानातून विकत का घेतल्या नाहीत, असं तुमच्या मनात येईल. ती गेली होती. काउंटरवर चार पुरुष उभे होते. आतल्या पोरानं मोठ्यानं विचारलं, ‘कोणत्या गोळ्या पाहिजेत, मावशी?’ आणि ती डोकेदुखीची गोळी घेऊन परत आली.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला पाळी चुकली. तिला तिसरं मूल नको होतं, याबद्दल तिच्या मनात कणभर शंका नव्हती. एका डॉक्टरांनी तपासून गर्भपाताच्या गोळ्यांची चिठ्ठी लिहून दिली, अगदी कायद्यात बसेल अशी. ती चिठ्ठी घेऊन आम्ही चार दुकानं फिरलो. ‘ते आम्ही ठेवतच नाही’ हे एकच वाक्य चारही ठिकाणी. एका खासगी नर्सिंग होममध्ये पाच हजार आणि नवऱ्याची सही, असं सांगितलं. पाच हजार म्हणजे दोन घरच्या पोळ्यांचा महिन्याचा पगार. सही तर तिला मागायचीच नव्हती. अखेर एका सरकारी रुग्णालयात तिसऱ्या खेपेला काम झालं, तोवर नववा आठवडा संपत आला होता. त्याच दिवशी तिनं अंतराची सुई घेतली. तीन महिन्यांतून एकदा दंडात टोचायची, घरात लपवायला काही उरत नाही. उरतं ते एक कार्ड, पुढच्या तारखेचं. ते ती घरी नेत नाही. माझ्या शिवणयंत्राच्या खणात ठेवते.

माझ्या खणात अशी आणखी चार कार्डं आहेत.

या सगळ्यात कुठलाही कायदा तिच्या विरोधात नव्हता, ही गोष्ट मला आपल्यासमोर पहिल्यांदा ठेवायची आहे. गोळ्या फुकट मिळायला हव्यात हे सरकारचंच धोरण. अंतरा 2017 पासून सरकारी कार्यक्रमात आहे. आठवड्यातून घ्यायची छाया नावाची गोळी आपल्याच देशात, लखनौच्या प्रयोगशाळेत तयार झालेली; तिच्यात हार्मोन नाही, आणि तीही फुकट. तांबी आहे, पाच वर्षांची आणि दहा वर्षांची. निरोध तर 1968 पासून आहे. 2011 मध्ये केंद्रानं आशा ताईंमार्फत घरपोच साधनं द्यायचं ठरवलं तेव्हा दर लावला तो असा: निरोधच्या तीन नगांना एक रुपया, गोळ्यांच्या पाकिटाला एक रुपया, आणीबाणीच्या गोळीला दोन रुपये. तीच आणीबाणीची गोळी दुकानात शंभर रुपयांच्या आसपास पडते आणि ती संबंधानंतर 72 तासांच्या आत घ्यावी लागते. दोन रुपये आणि शंभर रुपये यांच्यामध्ये जी बाई उभी आहे, तिच्या हातात त्या 72 तासांत शंभर रुपये असतीलच असं नाही. असले तरी ते तिच्या हातात आहेत हे घरात माहीत असतं.

सदरमध्ये राहून हे रोज दिसतं. रेसिडेन्सी रोडवर मोठी दुकानं आहेत, चकचकीत दवाखाने आहेत. ज्यांच्याकडे पैसा आहे त्यांची अडचण एका फोनवर मिटते. त्याच रस्त्याच्या मागे जिथं बाया पहाटे पाच वाजता नळावर उभ्या असतात, तिथं अख्खा महिना एका पाकिटावर अवलंबून असतो. अंतर चालत सात-आठ मिनिटांचं.

आपण ज्या सभागृहात बसणार आहात, त्या सभागृहाला या विषयाचा जुना इतिहास आहे. 10 नोव्हेंबर 1938 रोजी मुंबई विधानसभेत स्वतंत्र मजूर पक्षाचे आमदार पी. जे. रोहम यांनी एक अशासकीय ठराव मांडला. त्यामागचं भाषण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तयार केलेलं होतं. सरकारनं संततिनियमनाचा जोरानं प्रचार करावा आणि लोकांना त्यासाठी पुरेशा सोयी उपलब्ध करून द्याव्यात, अशी ती मागणी. वारंवारच्या बाळंतपणांनी बाया खंगतात, मरतात. मूल होऊ द्यायचं की नाही हे ठरवण्याची मुभा त्यांना असली पाहिजे, असा त्यामागचा विचार. ठराव फेटाळला गेला. तेव्हा नागपूर मध्य प्रांतात होतं, त्यामुळे तो मंजूर झाला असता तरी आमच्या आज्या-पणज्यांना त्याचा उपयोग नव्हता. तरीही दीक्षाभूमीच्या या शहरात त्या ठरावाची आठवण कोणी काढत नाही, याचं मला वाईट वाटतं. बाबासाहेबांचे फोटो प्रत्येक दवाखान्यात लावलेले आहेत. त्यांनी मागितलेली सोय त्या फोटोखाली असायला हवी.

त्याच्याही आधी, 1921 मध्ये, रघुनाथ धोंडो कर्वे यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. त्यांना प्राध्यापकी सोडावी लागली. ‘समाजस्वास्थ्य’ मासिक त्यांनी 1927 पासून 1953 पर्यंत, जवळजवळ मरेपर्यंत चालवलं. त्यासाठी खटले अंगावर घेतले आणि 1934 मध्ये त्यांची बाजू कोर्टात मांडायला उभे राहिले तेही आंबेडकरच. आणि ज्या वर्षी कर्वे मुंबईत केंद्र उघडत होते, त्याच 1921 साली इथं नागपुरात कमलाताई होस्पेट यांनी वेणूताई नेने यांच्या साथीनं मातृसेवा संघ सुरू केला. कमलाताई बालविधवा. समाजानं ज्यांना कोपऱ्यात बसवलं होतं, त्या बाईनं दुसऱ्या बायांची बाळंतपणं सुखरूप व्हावीत म्हणून घर उघडलं. मी नोकरीला लागले तेव्हा जुन्या सिस्टर त्यांच्याबद्दल बोलताना आवाज खाली आणायच्या, देवघरात बोलावं तसा.

पुढे सभागृहानं या विषयावर एक कायदा केलाही. 1976 मध्ये, आणीबाणीत, महाराष्ट्र विधिमंडळानं सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं. तीन मुलं असलेल्या दाम्पत्यावर सक्ती करणारं असं विधेयक मंजूर करणारं आपलं राज्य देशात एकटं. राष्ट्रपतींची संमती त्याला मिळाली नाही, म्हणून ते कधी अमलात आलं नाही. पण भीती मात्र अमलात आली होती. मी तेव्हा शाळेत होते. आमच्या मोहल्ल्यातले पुरुष संध्याकाळी जीप दिसली की मागच्या दारानं निघून जायचे. त्या भीतीचं ओझं पुढं बायांवर आलं. पुरुष नसबंदीचं नाव घेईनासे झाले आणि ऑपरेशन बाईचंच, हे ठरून गेलं.

यात माझाही हात आहे, ते सांगितल्याशिवाय मला पुढं लिहिता येणार नाही. 1984 ते 1996 आम्हाला टार्गेट असायचं. मार्च जवळ आला की वरून विचारणा व्हायची, ‘किती केसेस झाल्या?’ बाई नाही, केस. मी गावोगावच्या शिबिरांत बायांना ओळीनं जमिनीवर झोपवलं आहे. तांबी किंवा गोळ्या सुचवायला वेळ नव्हता, कारण टार्गेट ऑपरेशनचं होतं. एप्रिल 1996 मध्ये केंद्रानं टार्गेट काढून टाकली. सवय गेली नाही. नोव्हेंबर 2014 मध्ये आपल्या शेजारच्या छत्तीसगडमध्ये, बिलासपूरजवळच्या शिबिरात एका डॉक्टरनं काही तासांत 83 बायांची ऑपरेशनं केली आणि त्यांतल्या दहाहून अधिक जणी दगावल्या. ती बातमी वाचली त्या रात्री मला माझ्या शिबिरांतले चेहरे आठवत राहिले. 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अशी शिबिरं बंद करायला सांगितलं.

आज चित्र काय आहे? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 च्या फेरीनुसार महाराष्ट्रातला एकूण जननदर 1.7 आहे. म्हणजे लोकसंख्या वाढते म्हणून घाबरण्याचं कारण या राज्याला उरलेलं नाही. याच पाहणीत विवाहित बायांपैकी जवळपास निम्म्यांचं ऑपरेशन झालेलं दिसतं. पुरुष नसबंदी शंभरात एकही नाही. गोळ्या, तांबी, सुई या सगळ्या तात्पुरत्या साधनांचा वाटा अगदी थोडा. आणि ज्यांना मूल नको आहे किंवा इतक्यात नको आहे, पण हातात कुठलंच साधन नाही, अशा विवाहित बाया दर दहांत जवळपास एक. अविवाहितांचा हिशेब तर यात नाहीच.

या आकड्यांचा अर्थ मी माझ्या गल्लीतून सांगते. अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी लग्न, बाविसाव्या वर्षापर्यंत दोन मुलं, लगेच ऑपरेशन. पाळणा लांबवणं हा प्रकार मधे येतच नाही. कारण लांबवायचं साधन कधी मिळतं, कधी मिळत नाही, आणि ऑपरेशन तेवढं नक्की मिळतं. एकदा मन बदललं, एखादं लेकरू गेलं, नवरा सोडून गेला, दुसरं लग्न झालं, की तिच्याकडे परतीची वाट नसते. गर्भनिरोध म्हणजे तिनं तिच्या आयुष्याचं वेळापत्रक आखणं. आपण तिला फक्त एक कुलूप देतो.

बाईला नेमकं काय होतं आहे, हे आपण विचारत नाही, हे विदर्भातच सिद्ध झालेलं आहे. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग, आपल्या नागपूरच्या मेडिकलमध्येच शिकलेले, त्यांनी गडचिरोलीच्या दोन गावांतल्या बायांची तपासणी केली आणि 1989 मध्ये ते संशोधन लॅन्सेटमध्ये छापून आलं. शंभरातल्या 92 बायांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास होता, आणि पूर्वी कधी तपासणी झालेल्या बाया शंभरात आठ. त्यानंतर तीस वर्षांनी बीडमधून बातमी आली की ऊसतोडणीला जाणाऱ्या बायांच्या गर्भपिशव्या काढल्या जात आहेत. सरकारनं समिती नेमली, पाहणी झाली, तेरा हजारांवर बायांची पिशवी काढलेली आढळली. पाळीच्या दिवसांत खाडा पडला की दंड, म्हणून पिशवीच काढून टाकायची. इतक्या टोकाला बाई जाते ती साध्या उपचारांचे आणि साधनांचे सगळे मार्ग तिच्यापर्यंत पोचत नाहीत तेव्हाच.

आता गर्भपाताविषयी. हा शब्द सभागृहात उच्चारायला अवघड जातो, मला ठाऊक आहे. पण 1971 च्या गर्भपात कायद्यामागे जी समिती होती, तिचे अध्यक्ष शांतिलाल शहा हे महाराष्ट्राचेच आरोग्यमंत्री होते. तेव्हा एका मंत्र्यानं हा विषय हातात घेतला, कारण चोरून केलेल्या गर्भपातांत बाया मरत होत्या. 2021 मध्ये तो कायदा सुधारला. 20 आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. बलात्कारपीडिता, अल्पवयीन मुली, अपंग स्त्रिया, मधेच विधवा किंवा घटस्फोटित झालेल्या अशा काहींना 24 आठवड्यांपर्यंत मुभा आहे. साधन फसल्याचं कारण पूर्वी विवाहितेलाच होतं, ते आता कोणत्याही स्त्रीला आहे. 29 सप्टेंबर 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की अविवाहितेला यातून वगळता येणार नाही. सज्ञान बाईची स्वतःची सही पुरे. नवऱ्याची नको, सासूची नको, आधार कार्डावरच्या पत्त्याची चौकशीही नको.

हे शेवटचं वाक्य मी दारात आलेल्या किती बायांना सांगितलं असेल, मोजदाद नाही. त्यांना ते खरं वाटत नाही. कारण काउंटरवर वेगळं सांगतात.

दुकानदार गोळ्या का ठेवत नाहीत, हेही मी समजून घेतलं आहे. एका दुकानदारानं मला शांतपणे सांगितलं, ‘सिस्टर, दोन पाकिटांच्या विक्रीसाठी वर्षभर तपासणीच्या धाकात कोण राहील?’ गर्भलिंगनिदानाविरुद्धच्या मोहिमेतून हा धाक आला. ती मोहीम हवीच होती. महाराष्ट्रानं त्यासाठी 1988 मध्ये देशात सर्वांत आधी कायदा केला, त्याचा मला अभिमान आहे, आणि मुलगी नको म्हणून सोनोग्राफी करणाऱ्याला जेलमध्येच टाकलं पाहिजे. पण सातव्या आठवड्यात सोनोग्राफीत लिंग कळतच नाही. नऊ आठवड्यांच्या आत गोळ्या घेणारी बाई मुलगी पाडत नसते. हे दोन विषय वेगळे करून सांगायचं काम सरकारचं होतं आणि ते झालं नाही. भिंतीवरच्या पाट्या वाचून बायांना आणि कित्येक कर्मचाऱ्यांनाही गर्भपातच गुन्हा आहे, असं वाटतं. मग बाई दाईकडे जाते, नाहीतर कुणाकडून तरी बिनचिठ्ठीच्या गोळ्या आणते, आणि रक्त थांबेना म्हणून रात्री दोनला मेयो नाहीतर डागा रुग्णालयात पोचते.

अल्पवयीन मुलींचं तर बोलायलाच नको. आपल्या राज्यात वीस ते चोवीस वयाच्या दर पाच बायांतल्या एकीचं लग्न अठराच्या आत झालेलं आहे. सतरा वर्षांची गरोदर मुलगी दवाखान्यात आली की पोलिसांना कळवावं लागतं. नवरा आत जाईल, या भीतीनं ती येतच नाही. 2022 च्याच निकालात न्यायालयानं सांगितलं आहे की अशा मुलीनं आणि तिच्या पालकांनी विनंती केली तर डॉक्टरनं पोलिसांना तिची ओळख सांगायची गरज नाही. हे किती दवाखान्यांत माहीत आहे?

आणि विधानभवनापासून थोड्याच अंतरावर आपलं उच्च न्यायालय आहे. 24 आठवडे उलटलेल्या बाया त्याच्या पायऱ्या चढतात. बाळात गंभीर व्यंग आहे असं उशिरा कळलेल्या, बलात्काराला बळी पडलेल्या मुली आणि त्यांचे आईबाप. 2021 च्या नियमांनुसार वैद्यकीय मंडळानं तीन दिवसांत मत द्यायचं आणि परवानगी दिली तर पाच दिवसांत गर्भपात व्हायचा. गडचिरोलीच्या किंवा मेळघाटच्या बाईनं यासाठी नागपूरला येऊन वकील शोधायचा, ही वेळ येऊ नये.

माझं मागणं लहान आहे. शहरातलं आणि गावातलं प्रत्येक सरकारी आरोग्य केंद्र, प्रत्येक ‘आपला दवाखाना’, यांत माला, छाया, अंतरा, तांबी आणि निरोध बाराही महिने असावेत. साठ्याची नोंद ठेवणारी संगणक प्रणाली 2017 पासून आहे. तीच नोंद दर महिन्याला लोकांसमोर उघडी ठेवा, केंद्राच्या दारावर लावा. साठा संपत आला की ते बाईला कळण्याआधी जिल्ह्याला कळलं पाहिजे. या राज्यानं ‘लाडकी बहीण’ योजनेतून काही महिन्यांत लाखो बहिणींच्या खात्यांत 1500 रुपये पोचवण्याची यंत्रणा उभी केली. मी ती जवळून पाहिली, माझ्या गल्लीतल्या बायांचे अर्ज मी भरून दिले. त्याच बहिणींपर्यंत 28 गोळ्यांचं एक पाकीट वेळेवर नेणं या राज्याला जमणार नाही, यावर माझा विश्वास नाही.

नऊ आठवड्यांपर्यंतच्या गर्भपाताची सोय प्रशिक्षित डॉक्टर असलेल्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात द्या. डॉक्टरच्या चिठ्ठीवर या गोळ्या विकणं कायदेशीर आहे, हे अन्न व औषध प्रशासनानं दुकानदारांना लेखी कळवावं, म्हणजे त्यांचा धाक जाईल. ‘नवऱ्याची सही लागत नाही’ ही पाटी मराठीत, हिंदीत, उर्दूत लावा. सदरमध्ये तिन्ही भाषा लागतात. आणि बिनटाक्याच्या नसबंदीबद्दल पुरुषांशी पुरुषांनीच बोलावं. दहा मिनिटांचं काम आहे, माणूस त्याच दिवशी चालत घरी जातो. आपल्यातल्या एखाद्या आमदारानं ‘मी केली आहे’ असं जाहीर सांगितलं तर माझ्या तेहतीस वर्षांच्या प्रचारापेक्षा जास्त काम होईल.

एक मागणं कदाचित आवडणार नाही. 12 सप्टेंबर 2001 नंतर तिसरं मूल झालं तर पंचायतीची निवडणूक लढवता येत नाही. मूल किती हवं हे ज्या घरात बाई ठरवतच नाही, त्या घरात शिक्षा मात्र तिच्या उमेदवारीला होते. साधन द्यायचं नाही आणि तिसऱ्या मुलाबद्दल पद काढून घ्यायचं, यात न्याय नाही. हा नियम रद्द करण्याचा विचार व्हावा.

1938 मध्ये सभागृहासमोर सोय मागितली होती, ती नाकारली गेली. 1976 मध्ये सभागृहानं सक्ती मंजूर केली. माझ्या दारात येणाऱ्या बाया सक्ती मागत नाहीत, प्रचारही मागत नाहीत. सोय मागतात. या अधिवेशनात त्यावर एक तास चर्चा करा. लक्षवेधी लावा, अर्धा तास चर्चेत घ्या, कसंही करा, पण सभागृहाच्या नोंदीत तो विषय येऊ द्या. स्त्री आमदारांना माझी वेगळी विनंती आहे. तुम्ही उठून उभ्या राहा. पुरुष सदस्य ऐकतील.

जमलं तर आपल्यापैकी कोणीतरी एका संध्याकाळी सदरला यावं. गाडी रेसिडेन्सी रोडवर ठेवा आणि गल्लीत चालत या. मी चहा करीन आणि बायांना बोलावीन. कॅमेरे मात्र आणू नका, नाहीतर त्या बोलणार नाहीत.

ज्या बाईबद्दल मी लिहिलं, तिचं कार्ड आता माझ्यासमोर आहे. चार सुया झाल्या, चार सह्या आहेत, पाचवा रकाना रिकामा आहे. पुढची तारीख 11 डिसेंबर. त्या दिवशी पोळ्यांच्या घरून अर्ध्या तासाची सुट्टी तिनं आत्ताच मागून ठेवली आहे. त्या दिवशी केंद्रात सुई असू द्या.

आपली नम्र,
सदर, नागपूर येथील एक निवृत्त परिचारिका